गाडी पेट्रोल पिते, दोष कुणाचा?

हल्ली जुनी पेट्रोल गाडी असलेला कुणीही भेटला की एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. ‘‘गाडी ॲव्हरेज देईना. सिग्नलला उभी केली की थरथरते. हे एथेनॉलचं पेट्रोल आलं आणि गाडीची वाट लागली.’’ आपल्या भागात हे ऐकताना जरा गंमतच वाटते. निपाणी, चिकोडी, अथणीकडचा ऊस कारखान्यात जातो, त्याच्या मळीचं आणि रसाचं एथेनॉल होतं आणि तेच फिरून आपल्या टाकीत येतं. पण गाऱ्हाण्यात तथ्य किती, हे आकडे मांडून पाहायला हवं. कारण सगळा दोष पेट्रोलवर टाकला की गाडीतला खरा बिघाड तसाच राहतो आणि शेवटी इंजिनावर बेततो.

२०२५ मध्ये देशभरातल्या पेट्रोलमधलं एथेनॉलचं प्रमाण सरासरी २० टक्क्यांवर पोहोचलं. एक लिटर एथेनॉलमधून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. त्यामुळे इंधन थोडं जास्त लागणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज आहे. म्हणजे १६ किलोमीटर देणारी गाडी १५ वर येईल. ती ११ वर आली असेल, तर उरलेल्या ४ किलोमीटरचा हिशेब गाडीकडे मागायचा, पंपाकडे नाही.

हा हिशेब काट्यावरून होत नाही. एका ठरलेल्या पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. दोन-अडीचशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर तशीच टाकी भरा. धावलेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी मावलेले लिटर, हे तुमचं खरं ॲव्हरेज. असं दोनदा करा. हा आकडा हातात नसेल, तर मिस्त्रीने काम केल्यावर फरक पडला की नाही, हे तरी कशावरून ठरवणार?

खानापूरच्या एका निवृत्त गुरुजींचं उदाहरण सांगतो. त्यांची २००४ ची तीन सिलिंडरची छोटी गाडी. घरच्या बाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला न्यावं लागे. जाऊन-येऊन बावन्न किलोमीटर. गाडी ११ वर आली होती, चढाला दम टाकत होती आणि उभी असताना स्टिअरिंग हातात थरथरत होतं. एका ठिकाणी सांगितलं, ‘‘गुरुजी, इंजिन बसलंय बघा. हाफ इंजिनाचं काम करा, नाहीतर विकून टाका.’’ खर्च ऐकून गुरुजी गाडी विकायला निघाले होते. पण इंजिनाचं कॉम्प्रेशन कुणी मोजलंच नव्हतं. गेज लावून पाहिलं, तर तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. रिंगा आणि व्हॉल्व शाबूत होते. इंजिन उघडायचं कारणच उरलं नाही.

मग बिघाड होता कुठे? तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मिस मारू लागला, तर एक तृतीयांश ताकद जाते. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरवाटे बाहेर पडतं आणि वाटेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करतं. कोणता सिलिंडर मिस मारतो, हे शोधायची पद्धत सोपी आहे. इंजिन चालू असताना मिस्त्री एकेका इंजेक्टरचं कनेक्शन काढतो. चांगल्या सिलिंडरचं काढलं की इंजिन आणखी हलतं. ज्याचं काढून काहीच फरक पडत नाही, तोच चोर. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायचा. मिसिंग तिकडे गेलं तर प्लग खराब. जागेवरच राहिलं तर प्लगची वायर, कॉईल किंवा इंजेक्टर पाहायचा. गुरुजींच्या गाडीचं मिसिंग जागेवरच राहिलं. अंधारात बॉनेट उघडून पाहिलं, तर त्या वायरवर निळी ठिणगी बाहेर उडताना स्पष्ट दिसली. पावसाळी दमट हवेत असं जास्तच होतं. मात्र त्या वेळी वायरीला हात लावू नये, झटका जबरदस्त असतो.

वायर बदलल्यावर थरथर गेली, तरी ॲव्हरेज १३ च्या पुढे जाईना. प्लग काढले तर तिन्ही कोरडे, काजळी धरलेले. प्लगचा रंग पुष्कळ सांगतो. फिकट बिस्किटी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओला म्हणजे ऑईल वर येतंय. पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. इथे तिन्ही काळे, म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हता. एका उन्हाळ्यात गाडी गरम झाली म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. आपल्याकडे ही सवय फार जुनी आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट तापत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. घरच्या घरी ओळखायचं असेल, तर थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाईपकडे लक्ष द्या. पाईप काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होऊ लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच.

नवा थर्मोस्टॅट बसला आणि गाडी १५ वर आली. दर फेरीला सव्वा लिटर पेट्रोल वाचू लागलं, आठवड्याला अडीच लिटर. खर्च म्हणाल तर हाफ इंजिनाच्या दहाव्या हिश्शाचाही नाही. बाईंच्या फेऱ्या त्याच गाडीतून चालू राहिल्या. १६ आणि १५ मधला जो एक किलोमीटर, तो मात्र एथेनॉलच्या खात्यावर.

एथेनॉल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. जुन्या टाकीतला चिकट थर ते सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाईप आणि सील फुगतात, चिरतात. ते पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू होताना कुरकुरते. कार्बोरेटरच्या गाडीला मिश्रण आपोआप जुळवता येत नाही, म्हणून ती पिकअपला अडखळते. जेट आणि ट्यूनिंग पाहून घ्यावं लागतं. यातलं काहीही असो, इंजिनाजवळ पेट्रोलचा वास आला, तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवा आणि पाईप आधी बदला. तिथे प्रश्न आगीचा आहे.

तपासाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. टायरची हवा, एअर फिल्टर, प्लग आणि वायरी, व्हॅक्यूमचे चिरलेले पाईप, थर्मोस्टॅट, मग सेन्सर आणि इंजेक्टर, सर्वांत शेवटी इंजिन. सपाट जागी गाडी न्यूट्रलला ठेवून ढकलून पाहा. जड गेली तर एखाद्या चाकाचा ब्रेक धरतोय. पीयूसीची चिठ्ठीही टाकून देऊ नका. कार्बन मोनॉक्साईडचा आकडा वाढला असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हायड्रोकार्बनचा वाढला असेल तर मिसिंगचा संशय घ्या. स्कॅनर लागणारी गाडी असेल तर त्यावर येणारा कोड तक्रार कुठली ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका. मिसिंगमुळेही तो येऊ शकतो.

आणि एका वेळी एकच वस्तू बदला, मग पुन्हा टाकी भरून मोजा. पाच वस्तू एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण चार वस्तूंचे पैसे कशाला गेले, ते कळणार नाही. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्या. चांगला मिस्त्री तो न मागता दाखवतो.

पुढच्या आठवड्यात चोर्ला घाट उतरताना ब्रेक का तापतात, ते पाहू.