परतीचा जामीन कोणी राहायचे?

परदेशी शिकायला पाठवलेला प्राध्यापक परत आला नाही की संस्था बुडाल्याची ओरड होते. पण खरा बुडतो तो त्याचा जामीनदार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे, अभ्यासरजेवर जाणाऱ्याने परतल्यावर किमान ३ वर्षे नोकरी करण्याचा करारनामा लिहून द्यायचा असतो. त्याला स्थावर मिळकतीचे तारण, विमा कंपनीची वा बँकेची हमी, नाहीतर दोन कायम शिक्षकांचा जामीन चालतो. नावावर ना जमीन ना ठेव असलेला तरुण सहकाऱ्यांपुढेच कागद धरणार!

जामीन राहणे म्हणजे काय, हे आम्हा उंब्रजकरांना सांगायला नको. सोसायटीचे कर्ज उचललेला गाव सोडून गेला, की नोटीस शेजाऱ्याच्या दारी येते.

वसुली झालीच पाहिजे. रजेतला पगार लोकांच्या पैशातून जातो, आणि एकाने शब्द मोडला की पुढच्या पाच जणांची रजा संशयाने पाहिली जाते. मात्र ती वसुली गेलेल्याकडून व्हावी, हप्ते बांधून व्हावी. मागे राहिलेल्याच्या पगारातून नव्हे.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतल्यावर १० वर्षे चाकरीचा करार होता. १९१७ साली ते बडोद्यास रुजूही झाले; पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबई गाठावी लागली. करार त्यांनी पाळला. मोडला तो बडोद्याने.

उलट १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले रघुनाथ परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयात आले, ते आजीव सभासदाच्या ७५ रुपयांवर. तिथे त्यांची वाट पाहणारे काम होते. १९०२ साली ते प्राचार्य झाले आणि दीर्घकाळ त्या पदावर राहिले.

आज परतलेल्या प्राध्यापकाच्या वाट्याला काय येते? परीक्षेची पर्यवेक्षणे, निवडणुकीची कामे आणि कुलूपबंद प्रयोगशाळा. तेव्हा करारनामा दोन्ही बाजूंनी असावा. त्याने परतायचे, तर संस्थेने त्याची जागा, संशोधनाचा वेळ आणि साधने आधीच लिहून द्यायची. पाखराला परत बोलवायचे, तर घरटे शाबूत हवे.