परमिट आणि पासवर्ड

खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रातला 210 मेगावॅटचा पहिला संच 1989 मध्ये सुरू झाला. त्याच्या काही महिने आधी, 2 नोव्हेंबर 1988 रोजी, अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम हजारो संगणकांत शिरला. इंटरनेटवर तेव्हा साठेक हजार यंत्रे होती. त्यांतला दहावा हिस्सा त्याने आडवा केला, असा त्या वेळचा अंदाज. कोळसा, राख आणि बॉयलरच्या गावाला त्याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. त्या पिढीच्या कंट्रोल रूममध्ये काटे, दिवे आणि मुठीत मावणारे स्विच असत. त्यांना हात लावायचा तर माणसाला गेटमधूनच यावे लागे.

मॉरिसचा हा किडा (वर्म) आत कसा गेला, हे मात्र आजही वाचण्यासारखे आहे. ओळखता येतील असे पासवर्ड, मेलच्या प्रोग्राममध्ये चाचणीसाठी ठेवलेली आणि बंद करायची राहून गेलेली सोय, एका यंत्राने दुसऱ्यावर न विचारता टाकलेला विश्वास. तीन दशके उलटली तरी चोर बहुधा याच वाटांनी येतो.

खापरखेड्याचा पाचवा, 500 मेगावॅटचा संच 2011 मध्ये आला आणि केंद्र 1340 मेगावॅटचे झाले. आदल्याच वर्षी इराणच्या नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज बिघडवणारा स्टक्सनेट हा प्रोग्राम जगासमोर आला होता. बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंतही तो पेन ड्राइव्हवरून पोहोचू शके. ‘आमचे इंटरनेटला जोडलेलेच नाही’ हा दिलासा तेव्हाच संपायला हवा होता.

12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढल्या मार्चमध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगितली, सर्व्हरवर 14 ट्रोजन (छुपे घातक प्रोग्राम) सापडल्याचेही सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. ज्या अमेरिकी कंपनीच्या चिनी हॅकरांविषयीच्या अहवालावरून गदारोळ उठला, तिनेही वीज जाण्याशी थेट दुवा सिद्ध होत नसल्याचेच म्हटले होते. चीन की चूक, यावर आपण हौसेने भांडलो. वीज कशानेही गेली असो, सर्व्हरपर्यंत ते 14 ट्रोजन पोहोचले कसे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

युक्रेनचा दाखला अधिक उघडा आहे. 23 डिसेंबर 2015 ला तिथल्या तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांकडे अंधार झाला. सुरुवात कित्येक महिने आधी, मेलसोबत आलेल्या वर्डच्या फाइलने झाली होती. मग पासवर्ड चोरले गेले, आणि दूरवरून आत येण्याच्या वाटेवर पासवर्डपलीकडे दुसरी तपासणीच नव्हती. ऑपरेटर बघत होते. पडद्यावरचा बाण आपणहून फिरत एकेक ब्रेकर उघडत होता. तरी काही तासांत वीज परतली. माणसे गाडीने सबस्टेशनवर गेली आणि ब्रेकर हाताने लावले.

वीज केंद्रातल्या माणसाला अशी सावधगिरी नव्याने शिकवायची गरज नाही. मोटरवर काम करायचे तर परमिट निघते, ब्रेकर उघडून टॅग लागतो, अर्थिंग होते; परमिट परत आल्याशिवाय कोणी लाइन चार्ज करत नाही. शेजारच्या कोळसा खाणींत दिव्याच्या खोलीवरून कळते, कोण खाली आहे. मात्र हीच शिस्त संगणकाजवळ आली की सैल होते. कंत्राटदाराचा लॅपटॉप थेट जोडला जातो, चौघांचा एकच पासवर्ड चालतो, बदली झालेल्याचे खाते उघडेच राहते, बॅकअप घेतला जातो पण परत चढवून कुणी पाहत नाही.

नियम आता आहेत. केंद्रीय वीज प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे ऑक्टोबर 2021 ची. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार घटना सहा तासांत कळवायची, लॉग 180 दिवस ठेवायचे. ठेवायचे ठीक, शिफ्टच्या वहीसारखे रोज वाचणार कोण?

1989 मध्ये पंचविशीत लागलेला ऑपरेटर 2022 च्या सुमारास निवृत्त झाला. पडदा नसताना संच कसा सांभाळायचा, हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. वर्षातून एकदा, एखाद्या सबस्टेशनचे पडदे मुद्दाम बंद ठेवून, त्याला पुन्हा बोलवावे आणि नव्या पोरांना शेजारी उभे करावे.