फरशीखालचा निंब

दिवाळी जवळ आली की आमच्या दोंडाईच्यात दोन कामांना ऊत येतो. एक घराला रंग, दुसरे अंगणाला फरशी. रंगाशी माझे भांडण नाही. चार पावसाळ्यांत तो उडून जातो. फरशी मात्र बसते ती दारच्या निंबाच्या उरावरच. गवंडी थेट बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपून मोकळा होतो, वर गेरू-चुन्याचे पट्टे ओढतो, आणि घरधनी कौतुकाने म्हणतो, "आता कसे स्वच्छ दिसते!"

निंबाचे पान पडले तर घाण, आणि त्याचा गळा आवळला तर स्वच्छता? झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. वर फरशी आली की पावसाचे पाणी गटारात जाते आणि खाली मुळे गुदमरतात. झाड त्याच दिवशी मरत नाही, हीच तर मारणाऱ्याची सोय! काही वर्षांनी शेंडे वाळू लागले म्हणजे शेजारीपाजारी निदान करतात, "वाळवी लागली असेल."

दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला. आमच्या आज्या ज्याला नुसते 'आळे' म्हणत, त्यासाठी न्यायासनाला हुकूम काढावा लागला! महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात झाड तोडण्यातच धरले आहे. पण कायदा वाचतो कोण?

माती बुजवून झाली की मग हौस म्हणून गुलाबाच्या कुंड्या येतात. त्यांना पाच-सहा तासांचे ऊन हवे, तर त्या जिन्याखाली. मुळाशी पाणी तुंबू नये, तर खाली ताटली, आणि ताटलीत सदैव डबके. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी करावी, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कात्री लावावी, कलमाच्या सांध्याखालून फुटलेले रानटी फुटवे समूळ काढावेत, हे सांगितले की यांचा हात थरथरतो. तोच हात मांडवाला आड येणाऱ्या निंबाच्या फांदीवर कुऱ्हाड घालताना मात्र थरथरत नाही.

"मास्तर, बोलायला तुमचे काय जाते! चिखल होतो, गाडी रुतते, मिरच्या कुठे वाळवायच्या?" मिरच्यांचे म्हणाल तर आमचे गाव मिरच्यांचेच, त्या गच्चीवर खुशाल वाळतील. गाडीला चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात. पण वैशाखात पारा ४२-४३ वर चढला की हीच फरशी रात्रीपर्यंत निखाऱ्यासारखी धगधगते, तेव्हा सावली कुठून आणाल? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोका कशाला बांधतील, कुंडीला?

भाऊबीज झाली की गवंडी जरा मोकळा असतो. त्यालाच बोलवावे, आणि मुळांना घाव न लागेल अशा बेताने बुंध्याभोवतीचे निदान दोन हात सिमेंट छिन्नीने काढून घ्यावे. उघड्या मातीवर शेणखत आणि निंबाचाच पाला पसरावा, फक्त बुंध्याला चिकटून ढीग करू नये. गेरूचे पैसे वाचतील, ते गवंड्याला द्यावेत.