जखमेला सहा महिन्यांची मुदत

उसने दिलेले पैसे बुडाले, तर ते वसूल करण्यासाठी दावा लावायला आपला कायदा तीन वर्षांची मुदत देतो. ट्रकच्या चाकाखाली ज्याचा हात गेला, त्याला मात्र सहा महिने. १९६३ चा मुदतीचा कायदा आणि २०१९ साली दुरुस्त झालेला मोटार वाहन कायदा हे दोन्ही आपल्याच संसदेने केले आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, की पैशाची कदर माणसाच्या हाताहून सहापट ठरली असे म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांची निदान बातमी होते. जखमींपैकी कितीजण पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले, याची विचारपूस कोणी केली आहे काय?

मुंबई-गोवा महामार्गावर महाडनजीक रात्री दुचाकीवरून घरी परतणारा एखादा सुतार डोळ्यांपुढे आणावा. ट्रकने उडविले, तालुक्याच्या रुग्णालयातून मुंबईला हलविले. पहिला महिना जिवाशी झुंजण्यात जातो. पुढचे दोन शस्त्रक्रिया, सळया आणि चिघळणाऱ्या जखमेत. पत्नी रुग्णालयाच्या जिन्यात पथारी टाकून बसलेली, मंगळसूत्र गहाण, मुले मामाकडे. अखेर डावा हात कोपरावर कापावा लागतो. तो घरी येतो, भिंतीला टेकून बसतो आणि गंजत पडलेल्या रंध्याकडे पाहत राहतो. त्यानंतर केव्हातरी एखादा शेजारी सांगतो, "अहो, कोर्टात भरपाई मागता येते." तोवर सातवा महिना लागलेला असतो.

अर्ज आधी करावा, अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागाहून आणावे, असे वकील सांगतील. बरोबरच आहे. पण हे त्या जिन्यातल्या बाईला सांगणार कोण?

या मुदतीचा इतिहास उद्बोधक आहे. अपघाताच्या दाव्यांसाठी न्यायाधिकरणे १९५६ च्या दुरुस्तीने आली. तेव्हाही मुदत होती, परंतु पुरेसे कारण दिसल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९८८ च्या कायद्याने सहा महिने ठेवले आणि माफीची कमाल मर्यादा एक वर्षाची घातली. त्यातला अन्याय ध्यानी आल्यावर १९९४ साली संसदेने मुदतीची अटच काढून टाकली. पाव शतक ही व्यवस्था चालली. मग २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची अट पुन्हा आणली आणि विलंबमाफीची तरतूद तेवढी वगळली! १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. त्याच दिवसापासून, पळून गेलेल्या वाहनाने गंभीर जखमी केलेल्यांची भरपाई १२,५०० वरून ५०,००० रुपये झाली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने दार लावून घेतले. सरकार आपल्याला जवळचे वाटणारे होते म्हणून याबाबत मौन पाळणे आम्हाला मान्य नाही.

समर्थकांचा युक्तिवाद असा, की उशिरा येणारे दावे बनावट असतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बनावट दावा करणाऱ्याची कागदपत्रे आठवड्यात तयार असतात. त्याचा धंदाच तो. उशीर होतो तो खऱ्या जखमीला. लबाडी पकडायची तर तपास करावा, त्यासाठी अंथरुणाला खिळलेल्याला दारातून परत कशाला पाठवायचे?

त्यातून विसंगती पाहा. याच कायद्याने पोलिसांवर अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठविण्याचे बंधन घातले आहे. २०२२ च्या नियमांनुसार पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. न्यायाधिकरणाने तो अहवालच अर्ज मानायचा आहे. हे काटेकोर घडले असते, तर मुदतीचा प्रश्नच उद्भवला नसता. सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२२ मध्ये याच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र निर्देश द्यावे लागले, यातच काय ते आले. पोलिसाची मुदत टळली तर शिक्षा जखमीला, हा कुठला न्याय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की केवळ मुदत उलटली म्हणून कोणताही दावा फेटाळू नये. दिलासा मोठा आहे, पण अंतरिम आदेशाच्या आधारावर कोणी आयुष्य बेतू शकत नाही.

येथे थोडे आपल्याविषयी. अपघात झाला की आपले कार्यकर्ते धावतात, रक्त देतात, डबे पोहोचवितात. आठवड्याने आपण पुढच्या कामाला लागतो. त्या कुटुंबाची खरी लढाई तेव्हा सुरू होते आणि ती कागदाची असते. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, ट्रकच्या विम्याचा तपशील, औषधांची प्रत्येक पावती, कारागिराच्या कमाईचा काही पुरावा. दावा अपघाताच्या ठिकाणीच लावावा लागतो असेही नाही. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात चालतो. शिवाय अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या नुकसानीची टक्केवारी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच स्पष्ट केले आहे. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची मात्र जवळजवळ संपूर्ण कमाई बुडते. हे ठाऊक नसलेला माणूस हाती पडेल त्या रकमेवर तडजोडीची सही करून मोकळा होतो. रक्तदात्यांच्या यादीशेजारी अशा दाव्यांची फाइल सांभाळणारा एखादा निवृत्त कारकून वा तरुण वकील प्रत्येक तालुक्यात आपल्याजवळ का नसावा?

मागणी फार मोठी नाही. संसदेने १९९४ ची स्थिती पुन्हा आणावी. तेवढे औदार्य नसेल, तर १९५६ साली न्यायाधिकरणाला दिलेला, कारण ऐकून घेऊन विलंब माफ करण्याचा अधिकार तरी परत द्यावा.