कयाक कोठून सोडावी? कोकणच्या जुन्या बंदरांचे उत्तर

१/ कोकणच्या समुद्रात कयाक घेऊन गळाने मासे धरण्याचा छंद अलीकडे रुजू लागला आहे. वल्ह्याने चालणारी ही अरुंद नाव मुळात आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट शिकाऱ्यांची. येथे ती नवी आहे. पण लहान नाव पाण्यात कोठून लोटावी, हा प्रश्न या किनाऱ्याला दोन हजार वर्षे परिचित आहे. त्याचे उत्तर जुन्या बंदरांच्या जागांतच दडलेले आहे. #धागा

२/ आजचा हौशी मासेमार जागा निवडतो ती गाडी कोठवर जाते, वाळू किती स्वच्छ आहे, मासा किती जवळ आहे हे पाहून. हे सारे निघतानाचे विचार झाले. जुन्या दर्यावर्दींचा पहिला विचार परतण्याचा असे. थकलेल्या हातांनी, वारा वाढल्यावर, पाणी उतरल्यावर जेथे सुखरूप टेकता येईल तीच त्यांच्या लेखी सुरक्षित जागा.

३/ या विचाराचा जुना पुरावा ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. याच किनाऱ्याच्या उत्तरेस, नर्मदेच्या मुखावरील भडोच हे तेव्हाचे मोठे बंदर. तेथील भरती-ओहोटी इतकी उग्र, की परक्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी राजाच्या सेवेत स्थानिक मच्छीमार नेमलेले असत. ते मुखाबाहेर जाऊन जहाजांना भेटत, भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटी लागताच ठरावीक जागी नांगर टाकायला लावत.

४/ भडोचहून दक्षिणेस कोकणात उतरले की हाच विवेक बंदरांच्या रचनेत दिसतो. चौल कुंडलिकेच्या मुखाशी, दाभोळ वाशिष्ठीच्या, जयगड शास्त्रीच्या, विजयदुर्ग वाघोटणच्या. प्रत्येक ठिकाणी नावा थांबत त्या खाडीच्या आत किंवा भूशिराच्या आडोशाला. गणपतीपुळ्याच्या उघड्या पुळणीवर मोठे बंदर उभे राहिले नाही. ते झाले उत्तरेस, जयगडच्या आडोशाला. जी जागा गलबतांनी टाळली, ती कयाकला मानवेल असे समजण्यास आधार नाही.

५/ मात्र खाडीचे मुख म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. नदीचे पाणी ओहोटीबरोबर वेगाने बाहेर धावते, समोरून समुद्राची लाट येते आणि तळाशी साचलेल्या वाळूचा उंचवटा असतो. तिन्ही जेथे भेटतात तेथे लाट उभी राहून फुटते. सकाळी भरल्या पाण्यात शांत वाटलेले मुख दुपारी ओळखू येत नाही. म्हणून जागेचा विचार वेळेशिवाय पुरा होत नाही.

६/ वेळेसाठी कोकणात एक साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. चतुर्थीला भरती सुमारे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यावर हा हिशेब बेतलेला आहे. स्थळानुसार त्यात फरक पडतो, म्हणून छापील कोष्टक पाहावेच. पण दिवसाचे स्वरूप कळायला तो पुरेसा आहे.

७/ आता हा हिशेब लावून पाहावा. पौर्णिमेला पहाटे निघणाऱ्याला खाडीतून बाहेर पडताना चढती भरती अडवते आणि दुपारी परतताना उधाणाची जोरदार ओहोटी. अष्टमीला उलट : सकाळी ६ नंतर ओहोटी बाहेर नेते, दुपारी भरती घरी आणते, आणि भांगाचे पाणी असल्याने ओढही कमी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटरांहून अधिक चढते-उतरते. मालवणला त्याच्या सुमारे निम्मे. एकाच तिथीचा अर्थ दोन ठिकाणी वेगळा होतो.

८/ वाऱ्याचेही असेच आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. शिडाच्या होड्या या चक्रावर जात-येत. कयाकसाठी मात्र यात एक फसवणूक आहे : पहाटेचे गुळगुळीत पाणी आणि पाठीवरचा वारा सुखावतो, पण वल्हे मोडले तर तोच वारा आणि तीच ओहोटी मिळून नाव खोल समुद्राकडे नेतात. पहिले काही तास किनारा धरून राहण्यात भित्रेपणा नाही.

९/ पावसाळ्यात कोणतीच जागा सुरक्षित नसते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रोजचा मार्ग, सरावलेले खलाशी. दिवस अमावास्येच्या तोंडावरचा. आज १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना आहे, बिनयांत्रिक नावांना सूट आहे. कयाकस्वारांनी या सुटीचा आधार घेऊ नये. कायदा सूट देतो, समुद्र देत नाही. नारळी पौर्णिमेची मर्यादा कायद्याहून जुनी आणि कडक आहे.

१०/ यावर उत्तर दिले जाते, की आता भ्रमणध्वनीवर लाटांचा अंदाज मिळतो आणि अंगात जीवरक्षक जाकीट असते. दोन्ही हवेतच. पण अंदाज विस्तृत समुद्राचा असतो. मुखाशी वाळू गेल्या पावसाळ्यात कोठे सरकली, हे त्यात नसते. ते रायगडातल्या कोळ्याला, रत्नागिरीतल्या खारव्याला, सिंधुदुर्गातल्या गाबिताला ठाऊक असते. भडोचच्या राजाने जे ज्ञान पगार देऊन मिळवले, ते आज नम्रपणे विचारले तर मिळते. अट एवढीच, की जाळी सुकवण्याच्या जागेवर गाडी उभी करू नये.

११/ म्हणून कयाक सोडण्याची जागा जुन्या बंदराजवळ, भूशिराच्या आडोशाला शोधावी. आदल्या दिवशी ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाऊन उघडे पडलेले खडक आणि वाळू पाहून घ्यावी. आणि परतण्याची वेळ आधी ठरवून मग निघण्याची ठरवावी. चौल, दाभोळ येथे ज्यांनी नावा लावल्या त्यांनी किनाऱ्याकडे समुद्रातून पाहिले होते. हौशी मासेमारानेही पाण्यात उतरण्यापूर्वी एकदा तसेच पाहावे. (समाप्त)