विंचवाचं बिऱ्हाड

‘‘तुम्ही जाऊन या. मी घर राखते.’’

सहलीचा विषय निघाला की माझ्या सासूबाईंचं हे वाक्य ठरलेलं. सासरे गेल्यापासून सहा वर्षांत त्या कराडजवळच्या आपल्या गावीही गेल्या नव्हत्या. कधी गुडघे दुखत, कधी थंडी बाधलेली असे, कधी नातवंडांच्या परीक्षा आडव्या येत. कारणं दर वेळी वेगळी असायची आणि आम्ही ती मुकाट्यानं मान्य करायचो. खरं सांगायचं तर आम्हाला ती सोयीचीच होती. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट राखायला घरचं माणूस असलं की कुलपाची काळजी नसते.

खरं कारण कळलं ते ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका फोनमुळे. माझे धाकटे दीर मेलबर्नला असतात. त्यांनी शाळेच्या सुट्टीत मोटारीमागे कॅराव्हॅन जोडून, मुलाबाळांसह पश्चिमेकडे लांबचा प्रवास केला होता. जाऊबाई फोनवर हौसेनं गाडी दाखवत होत्या. हा ओटा, हे बाक, रात्री याचाच पलंग होतो, ही पाण्याची टाकी. सासूबाई चष्मा पुसून पाहत होत्या. सगळं दाखवून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

‘‘आणि गं, संडासचं कसं करता?’’

‘‘गाडीतच आहे, आई. कुठंही गाडी थांबवायची आणि मागं जायचं.’’

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘असं असतं तर मीही आले असते.’’

मी स्वयंपाकघरात होते. हातातली पोळी तव्यावर करपली. मागे एकदा प्रवासात त्यांची फार पंचाईत झाली होती, हे मला ठाऊक होतं. त्यांना आता तासा-दीड तासानं जावं लागतं, उकिडवं बसता येत नाही आणि कुणाला गाडी थांबवायला सांगायची लाज वाटते. एवढ्याशा कारणासाठी एक बाई सहा वर्षं आपल्या गावाला मुकली होती आणि त्याच घरात राहून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघांनी जाऊबाईंना पुन्हा फोन लावला. या वेळी गमतीसाठी नव्हे, माहितीसाठी. ऑस्ट्रेलियात निवृत्त झालेली जोडपी महिनोन्‌महिने अशी घरं ओढत देशभर फिरतात. त्यांना तिथं ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असंच म्हणतात. गावोगावी कॅराव्हॅन पार्क असतात. तिथं वीज, पाणी, न्हाणीघर, सामाईक स्वयंपाकघर मिळतं. बऱ्याच लहान गावांत मैलापाण्याची टाकी रिकामी करायला वेगळी जागा केलेली असते. प्रवासी गावात थांबतो, दूध-ब्रेड घेतो, पेट्रोल भरतो आणि आडरानातल्या गावाच्या दुकानाला चार पैसे मिळतात.

पण तो प्रवास फोटोत दिसतो तितका सोपाही नाही. नलारबॉर नावाच्या ओसाड पठारावरच्या महामार्गाचा एक तुकडा १४६.६ किलोमीटर अगदी सरळ आहे, एकही वळण नाही. तिथं डोळा लागणं हाच मोठा धोका. पाणी आपलं आपण न्यायचं. तिथल्या मालमोटारींना तीन-चार डबे जोडलेले असतात, त्यांची लांबी ५३.५ मीटरपर्यंत जाते. अशी गाडी शेजारून गेली की आपली कॅराव्हॅन हलते. संध्याकाळ झाली की कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून जाणती माणसं दिवे लागणीपूर्वी मुक्काम गाठतात. ‘‘सगळ्यात अवघड काय वाटलं?’’ असं मी विचारलं, तेव्हा जाऊबाई हसून म्हणाल्या, ‘‘चौघांनी रोज एका खोलीत भांडून पुन्हा तिथंच झोपायचं, ते.’’

आपल्याकडे मोटारीमागे घर ओढायची पद्धत रुळलेली नाही. इथं बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या आतच बाक, पलंग, बेसिन आणि संडास बसवतात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनंही. दिल्लीतही अशा गाड्या चालकासकट भाड्यानं मिळतात. भाडं ऐकून मात्र आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं. पाच जणांच्या विमानाच्या तिकिटांपेक्षा ते जास्त होतं, शिवाय गाडी रिकामी परत येणार त्याचेही पैसे आपल्याच माथी. सोफा बदलायला बाजूला ठेवलेली रक्कम आम्ही त्यात घातली. सोफा अजून तोच आहे.

या प्रवासाची एक गंमत मला आधी माहीतच नव्हती. द्वारका एक्स्प्रेसवेवरून गुरुग्रामच्या बाजूला गेलं की राष्ट्रीय महामार्ग ४८ लागतो. हाच रस्ता जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, बडोदा, सुरत, मुंबई, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर करत पुढे चेन्नईला जातो. पूर्वी याचेच दिल्ली-मुंबई तो आठ नंबर आणि पुढचा चार नंबर असे दोन तुकडे होते. म्हणजे दिल्लीत आमच्या घराजवळून जाणारा रस्ता सुमारे सतराशे किलोमीटरवर आमच्या गावाच्या फाट्यावरून जातो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मग एवढी वर्षं मी लांब लांब काय म्हणत होते?’’

दिल्लीच्या शाळांना १ ते १५ जानेवारी थंडीची सुट्टी असते. २ तारखेला पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. पण त्या पहाटे धुकं असं की गच्चीतून समोरची इमारत दिसेना. आमचे हे वेळेचे पक्के, सारखे घड्याळ बघत होते. चालक राजस्थानचा, पन्नाशीचा माणूस. त्यानं शांतपणे सांगितलं, ‘‘सूरज निकलने दो, साहब.’’ जानेवारीतल्या धुक्यात या महामार्गावर गाड्यांवर गाड्या आदळतात, हे त्याला सांगायची गरज नव्हती. आम्ही साडेदहाला निघालो. बहरोडला चहा झाला आणि अंधार पडायच्या आत जयपूरजवळ एका हॉटेलच्या आवारात परवानगी घेऊन मुक्काम केला.

नियम दोनच केले होते. गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा बांधून बसायचं, शेगडीला हात लावायचा नाही. आणि आजी ‘थांबवा’ म्हणाली की कारण न विचारता सुरक्षित जागा पाहून थांबायचं. पहिल्या दिवशी त्या सहा वेळा ‘थांबवा’ म्हणाल्या. शेवटच्या खेपेला तर नुसतं मोहरीचं पिवळं शेत बघायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उदयपूरला पोहोचलो आणि खरी अडचण उभी राहिली. टाकी भरली. ती रिकामी कुठं करायची? गाडी देणाऱ्यांनी ‘सब हो जाता है’ एवढंच सांगितलं होतं. चालक म्हणाला, पुढं एखादा नाला बघू. मी म्हटलं, मुळीच नाही. कुणाच्या तरी शेताला तेच पाणी जाणार. हॉटेलच्या व्यवस्थापकानं आपल्या शौचकुपाचं झाकण उघडून द्यायची तयारी दाखवली आणि एका पोराला हाक मारली. ‘‘इसको सौ रुपये दे दीजिए, कर देगा.’’

पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असेल. हातमोजे नाहीत, पायात रबरी चप्पल. हे काम माणसाकडून हातानं करवून घ्यायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मी स्वतः आमच्या अंकात लिहिलेलं. लिहिणं सोपं असतं. त्या वेळी थंडी होती, सगळे दमले होते आणि शंभर रुपये देणं फार सोयीचं होतं. यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, ‘‘घाण आपली आहे.’’ हातमोजे घालून, नळी लावून, चालकाच्या मदतीनं त्यांनी ते काम केलं. मुलं नाक दाबून हसत होती.

सासूबाई खिडकीतून बघत होत्या. त्या हसत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी त्या एकदाही ‘थांबवा’ म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, बरं आहे, सवय झाली. दुपारी बडोद्याच्या अलीकडे मुलगी म्हणाली, ‘‘आजीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही.’’ बडोद्याला गाडीतून उतरताना त्यांना भोवळ आली.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात. गायकवाडांच्या राज्यात आलेली ही घरं तिथंच रुजली. आम्हाला जे डॉक्टर भेटले ते अशाच एका घरातले, गुजराती वळणाचं गोड मराठी बोलणारे. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि विचारलं, ‘‘आजी, पाणी किती प्यालात?’’

सासूबाई जमिनीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्यापायी माझ्या लेकानं घाण उपसायची? मला बघवलं नाही. म्हटलं, प्यायलंच नाही तर जावं लागायचं नाही.’’

डॉक्टर काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर हे त्यांच्या शेजारी बाकावर बसले. आईशी फार बोलणारा हा माणूस नव्हे. म्हणाले, ‘‘आई, माझी दुपटी कोण धूत होतं? बाबांच्या शेवटच्या आजारात त्यांचं सगळं कोण करत होतं? तेव्हा तू म्हणालीस का, मला बघवत नाही?’’

‘‘ते वेगळं.’’

‘‘काय वेगळं ते सांग.’’

सासूबाईंना सांगता येईना. मला मात्र ते ठाऊक होतं. आपल्याकडे बायकांना करायची सवय लावलेली असते, करून घ्यायची नसते. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो संपेपर्यंत उठले नाही. डॉक्टरांनी आणखी एक दिवस विश्रांती घ्यायला सांगितली. त्या दिवशी मुलांनी लक्ष्मी विलास राजवाडा पाहिला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा सयाजीराव महाराज झाला, ही गोष्ट आजीनंच त्यांना सांगितली. तिच्या आवाजात पुन्हा जोर आला होता.

पुढचा प्रवास वेगळाच झाला. सासूबाई पाणी प्यायच्या, थांबा म्हणायच्या आणि लाजायच्या नाहीत. टाकी आम्ही दोघांनी पाळीपाळीनं रिकामी केली. त्याचा पहिला अनुभव कसा होता ते लिहीत नाही. पण दुसऱ्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. मुंबईत न शिरता पनवेल गाठलं, घाट चढलो, पुणं मागं टाकलं. साताऱ्याचा अजिंक्यतारा दिसला तशा त्या पट्टा सोडून उठायला लागल्या आणि नातवानं त्यांना नियम दाखवला.

कराडच्या जवळ आलो तर रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. जानेवारी म्हणजे हंगाम भरात. उसानं लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या. बीडकडची, मराठवाड्यातली माणसं दिवाळीच्या सुमारास घर सोडून संसार गाडीत घालून इथं येतात आणि पट्टा पडेपर्यंत, पाच-सहा महिने, अशीच राहतात. एका कोपीसमोर माझ्या मुलीएवढी मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन भांडी घासत होती.

माझ्या मुलीनं विचारलं, ‘‘आजी, हीसुद्धा कॅराव्हॅनच का?’’

‘‘बिऱ्हाड पाठीवरच आहे बाळा,’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पण ते हौशीचं नव्हे, पोटाचं आहे. तिची शाळा सुटलीय या फिरण्यात.’’ आणि थोडं थांबून, ‘‘त्या बायांनाही कुठं आडोसा असतो?’’

आमच्या गाडीतला तो चार फुटांचा आडोसा एकाएकी फार मोठा वाटायला लागला. गावी गेल्यावर सासूबाईंनी पहिली चौकशी केली ती घराच्या दुरुस्तीची नव्हे. आमच्या मळ्याच्या कडेला दोन कोप्या होत्या. ‘‘मागचा संडास यांच्या बायकांना खुला आहे का?’’ असं त्यांनी चुलतदिरांना विचारलं. नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचं कुलूप निघालं. सहा महिन्यांचं त्यांचं कष्टाचं जिणं एका कुलपानं बदलत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. पण संक्रांतीच्या दिवशी त्यातली एक जण तिळगूळ घ्यायला आली ती ओट्यावर तासभर बसून बोलली.

सासूबाई गुढीपाडव्यापर्यंत गावीच राहणार म्हणाल्या. आम्ही मुलांना घेऊन पुण्याहून रेल्वेनं परतलो. १६ तारखेला शाळा सुरू झाली, चौथ्या मजल्यावरचं घर कुलूप लावून आम्ही कामावर गेलो आणि त्याला काही झालं नाही.

तुमच्याही घरात ‘तुम्ही जाऊन या’ म्हणणारं कुणीतरी असेल. कॅराव्हॅन प्रत्येकाला परवडणार नाही, आम्हालाही दर वर्षी परवडायची नाही. पण दर तासाला थांबणारी साधी मोटार, वाटेतल्या स्वच्छ जागांची आधी करून ठेवलेली यादी आणि ‘लाजू नका’ एवढे दोन शब्द, यांना फारसे पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी ते वाक्य ऐकू आलं की लगेच ‘बरं’ म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, खरं कारण काय आहे ते. आम्ही हे विचारायला सहा वर्षं लावली.