मालकाचा पगार

भंडारा रोड नावाच्या स्टेशनावर उतरणारा प्रवासी प्रत्यक्षात वरठीत उतरतो. भंडारा शहर पुढे काही मैलांवर राहते. सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे हे गाव जिल्ह्याबाहेर ठाऊक झाले. अशा कारखान्याच्या आसऱ्याने वर्कशॉप, मालवाहतूक, दुरुस्तीची कंत्राटे असे धंदे उभे राहतात आणि त्यांतले काही पुढेमागे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतात. दारावरची पाटी बदलते, गल्ल्यात हात घालायची मालकाची सवय मात्र बदलत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आयकरातून सूट दिल्यापासून या मालकांपुढचा जुना प्रश्न पुन्हा तपासण्याजोगा झाला आहे. कंपनीतून घरी पैसा न्यायचा तो पगार म्हणून, की लाभांश म्हणून?

लाभांश करमुक्त असतो, असा गोड समज आपल्याकडे अजून टिकून आहे. त्याला कारणही आहे. १९९७ मध्ये चिदंबरम यांनी लाभांशावरचा कर कंपनीकडूनच वसूल करण्याची पद्धत आणली आणि मधले एक वर्ष सोडले तर २०२० पर्यंत ती चालली. आता कंपनी आधी नफ्यावर कर भरते आणि उरलेला नफा वाटला की घेणाऱ्याला तो आपल्या उत्पन्नात धरावा लागतो. पगार हा कंपनीचा खर्च. तो वजा जाऊन मगच नफा मोजतात.

हिशेबच मांडू. समजा, मालकाचा मोबदला धरण्यापूर्वी कंपनीपाशी १२ लाख रुपये उरले. ते पगार म्हणून घेतले तर कंपनीचा नफा शून्य आणि मालकाचा आयकरही शून्य. लाभांश म्हणून घ्यायचे तर कंपनी सवलतीच्या दरानेही, अधिभार आणि उपकर धरून, २५.१७ टक्के भरणार, म्हणजे सुमारे ३ लाख २ हजार. मालकाच्या हाती ८ लाख ९८ हजारच येणार. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकाला तर पगाराच्या शंभर रुपयांवर ३१ रुपये आणि लाभांशाच्या वाटेने साडेअठ्ठेचाळीस रुपये कर पडतो. लंडनला स्थायिक झालेला भाचा उलटा सल्ला देईल. त्याचेही चुकत नाही, कारण तिथे पगारावर नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी पडते, लाभांशावर पडत नाही. इथे तो सल्ला कामाचा नाही.

पण मला यात करापेक्षा घरातला न्याय मोठा वाटतो. लाभांश शेअरच्या हिशेबाने वाटला जातो, पगार कामाच्या. दोन भावांकडे निम्मे-निम्मे शेअर आहेत, एक भट्टीपाशी घाम गाळतो, दुसरा नागपुरात नोकरी करतो. कामाचा पगार ठरवलाच नाही, तर वर्षाअखेर दोघांना सारखेच मिळते आणि धुसफुशीला तिथेच सुरुवात होते. म्हणून पगार वर्षाच्या आरंभीच ठरावाने नक्की करावा. तो कामाच्या मानाने वाजवी हवा. अवाजवी वाटला तर आयकर अधिकारी तेवढा खर्च नामंजूर करू शकतो.

सगळ्यात महाग पडते ती उचल. एकट्याच्या दुकानात मालकाने गल्ल्यातून काही घेतले तर त्याला कोणी विचारत नाही. कंपनी मात्र कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. दहा टक्के मताधिकार असलेल्या भागधारकाने मुलीच्या लग्नासाठी अशा कंपनीतून पाच लाख ‘तात्पुरते’ उचलले, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ते कर्ज लाभांशच मानले जाते. कर भरायचा आणि पैसेही परत करायचे!

राहिली घरची लक्ष्मी. ती रात्री जेवणे आटोपल्यावर बिले लावते, मजुरांची हजेरी मांडते. तिला पगार लावला की कर वाचेल, असे अनेकांना वाटते. परंतु कंपनीत नवऱ्याचा भरीव हिस्सा असेल आणि तिच्यापाशी त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. वर्षानुवर्षे हिशेब राखणारीचे ज्ञान कायद्याला दिसत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. नवऱ्याने भेट दिलेल्या शेअरवरचा लाभांशही त्याच्याच उत्पन्नात जातो. तिने स्वतःच्या पैशाने शेअर घेतले असतील, तर मात्र त्यावरचा लाभांश तिचा.